लेआबाईंचं वय

आमच्या घरात इंग्रजी सिनेमा लागला की एक माणूस बघतो, एक माणूस झोपतो आणि एक माणूस "काय म्हणाला रे तो?" असं विचारतो. बघते ती आमची ही. झोपतो तो मी. आणि विचारते ती माझी थोरली बहीण, आक्का. आक्का सांगलीला असते. २००५ साली कृष्णेचं पाणी तिच्या ओट्याला लागून गेलं आणि २०१९ साली ते ओटा ओलांडून थेट देवघरात आलं. तेव्हापासून जुलै उजाडला की आक्का बॅग भरते आणि पुण्याला आमच्याकडे येते. पूर येवो न येवो, दोन महिने राहते. या दोन महिन्यांत माझी सिनेमातली झोप बंद असते, कारण भाषांतराचं खातं माझ्याकडे येतं.

मुलीने आमच्या टी.व्ही.च्या पाठीत कसलीशी डबी खुपसून दिली आहे. तिच्यातून जगातले सगळे सिनेमे येतात, फक्त आपल्याला हवा असतो तो येत नाही. गेल्या पावसाळ्यात असंच काहीतरी शोधता शोधता हिचा हात एका चित्रावर थांबला. चित्रात एक देखणी बाई, अंगावर उंची कपडे, शेजारी एक पोरगेलासा तरुण. नाव 'शेरी'.

"दारूवरचा आहे का?" आक्काने विचारलं.

म्हटलं, "ती शेरी वेगळी. फ्रेंचमध्ये शेरी म्हणजे लाडका. राजा. बाळ."

"म्हणजे तू," आक्का म्हणाली आणि मांडी घालून बसली.

हे मात्र खरं आहे. मी शहात्तर वर्षांचा आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि मला घरात अजून बाळ म्हणतात. भाचरं मला बाळमामा म्हणतात आणि त्यांची मुलं बाळआजोबा. त्यामुळे सिनेमातल्या त्या पंचवीस वर्षांच्या घोड्याला सगळे जण शेरी, शेरी करतात, त्याचं खरं नाव फ्रेड आहे हे आईसकट कुणाच्या लक्षात राहत नाही, याचं आम्हाला काही वाटलं नाही. फ्रेंच लोकांची आणि आमची घरं एवढ्या बाबतीत सारखीच.

आता आधी सिनेमाचं कूळ सांगतो. 'शेरी' २००९ सालचा. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, पटकथा क्रिस्टोफर हॅम्प्टनची आणि नायिका मिशेल फायफर. याच तिघांनी १९८८ साली 'डेंजरस लिएझन्स' केला होता, त्यात हॅम्प्टनला पटकथेचं ऑस्कर मिळालं. एकवीस वर्षांनी तीच मंडळी पुन्हा फ्रान्सला निघाली. मूळ कादंबरी कोलेत या बाईंची, १९२० सालची. काळ १९१४ च्या लढाईआधीचा, म्हणजे पॅरिसमध्ये बग्ग्या आणि मोटारी एकाच रस्त्यावर एकमेकींना शिव्या देत होत्या तेव्हाचा. त्या काळी तिथे श्रीमंतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या काही बायका होत्या. त्यांच्याकडे वाडे होते, मोत्यांचे सर होते, आणि त्यांना चांगल्या घरात हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं.

आक्का शाळेत शिक्षिका होती, म्हणून मी भाषांतरात जरा जपून "कलावंतीण" म्हणालो.

"नायकीण म्हण सरळ," आक्का म्हणाली. "सांगलीत आम्ही काय पाहिल्या नाहीत?"

तर लेआ ही अशीच एक, आता कामातून निवृत्त व्हायच्या बेतात असलेली. कादंबरीत तिचं वय चक्क आकड्यात दिलंय, एकोणपन्नास. तिची जुनी सहव्यवसायी मादाम पेलू. या पेलूबाईंचा एकुलता एक मुलगा म्हणजे आपला शेरी. एकोणिसाव्या वर्षीच त्याची सगळी व्यसनं करून झालेली आहेत आणि आता तो कंटाळलेला आहे. आई लेआला म्हणते, याला जरा वळण लाव. लेआ त्याला दोन-चार आठवड्यांसाठी ताब्यात घेते, आणि ते दोन-चार आठवडे सहा वर्षं चालतात. आपल्याकडे पाहुणे राहतात तसे. मग आईला एकदम नातवंडं हवीशी होतात, ती दुसऱ्या एका नायकिणीची अठरा वर्षांची मुलगी सून म्हणून ठरवते, आणि लेआने व शेरीने एकमेकांना हसत हसत निरोप द्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ते दोघेही तशी अपेक्षा ठेवतात. ती बियारित्झला समुद्रावर निघून जाते, तो बायकोला घेऊन इटलीला. आणि मग दोघांना एकाच वेळी कळतं की आपण सहा वर्षं जे करत होतो त्याला प्रेम म्हणतात.

गोष्ट एवढीच. पण हिने ती टक लावून पाहिली. माझ्या लक्षात आलं होतं का आलं होतं ते सांगतो, पण आवाज जरा खाली. आक्का आतल्या खोलीत आहे.

आमची ही माझ्याहून दोन वर्षं चार महिन्यांनी मोठी आहे.

आम्ही एका सरकारी कचेरीत होतो. मी नवीन कनिष्ठ लिपिक, ती वरिष्ठ. पहिल्याच आठवड्यात माझ्या टिपणीवर लाल शाईने "शुद्धलेखन!" असा शेरा मारून तिने फाईल परत पाठवली होती. तेव्हा ती मला "अरे" म्हणायची. १९७४ साली लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने दोनच अटी घातल्या. एक, "अरे" बंद, "अहो" सुरू. दोन, मुलीचं वय तीन वर्षांनी कमी सांगायचं. लोक विचारतील ना! म्हणून १९४७ चा फेब्रुवारी १९५० चा फेब्रुवारी झाला. आईने हे काम इतक्या सफाईने केलं की सरकारी खात्यात असती तर सचिव झाली असती. कडेला दोन-चार आकडे होते, तेही जुळवले. म्हणजे हिची धाकटी बहीण एका रात्रीत थोरली झाली. ती बिचारी अजून आमच्या घरी आली की मोठेपणाने वागते आणि मग रिक्षात बसल्यावर रडते की हसते कोण जाणे.

खोटं बोलणं सोपं असतं हो, त्याचा हिशेब ठेवणं कठीण. २००५ साली ही अठ्ठावन्नाची होऊन नियमाप्रमाणे निवृत्त झाली. नातेवाइकांच्या हिशेबाने पंचावन्नाची! मग "नातवासाठी ऐच्छिक निवृत्ती घेतली" असं सांगावं लागलं. नातू तेव्हा जन्माला यायचा होता. माझी साठी २००९ ला झाली, साठ दिव्यांनी ओवाळलं. हिची २०१० ला केली. त्रेसष्टाव्या वर्षी तिने साठी करून घेतली आणि केकवरचा साठचा आकडा आपल्या हाताने, अगदी न हसता, कापला. फोटो आहे आमच्याकडे.

आणि हे सगळं मुख्यतः कुणापासून लपवायचं होतं? तर आक्कापासून. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, १९४७ च्या जूनमधली. म्हणजे आमची ही आक्काहून चार महिन्यांनी मोठी. आणि लग्नापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक संक्रांतीला ती आक्काला वाकून नमस्कार करत आलेली आहे, आणि आक्का "अष्टपुत्रा" म्हणत आलेली आहे.

असं घर घेऊन आम्ही 'शेरी' बघायला बसलो होतो.

आता परीक्षण. सिनेमा दिसायला फार सुंदर आहे. लेआचा वाडा म्हणून पॅरिसमधलं एक खरं घर घेतलंय, एक्तोर गिमार या वास्तुकाराने १९१० साली बांधलेलं. पॅरिसच्या मेट्रोच्या दारांवर त्या वेलीसारख्या वळलेल्या हिरव्या लोखंडी कमानी आहेत ना, त्या याच गिमारच्या. त्याला सरळ रेघेचं वावडं होतं. जिन्याचा कठडा वळतो, दिवा वळतो, खिडकीची चौकट वळते. आक्का म्हणाली, "धूळ कशी पुसत असतील?" हा प्रश्न एकाही समीक्षकाच्या मनात आला नसेल, आणि मला वाटतं पुढची वीस मिनिटं मीही फक्त तोच विचार करत होतो.

पण सुंदर घर हे सिनेमाचं दुखणंही आहे. प्रत्येक चौकट अशी सजवलेली की माणसं तिच्यात फुलदाणीसारखी ठेवलेली वाटतात. त्यात एक निवेदक आहे. दिग्दर्शकाने स्वतःच आवाज दिलाय. आता दिग्दर्शकाला जे म्हणायचं ते कॅमेऱ्याने म्हणावं की नाही? हा माणूस मधूनमधून येऊन आपल्याला कानात सांगतो की ही आता दुःखी आहे, तो आता दुःखी आहे. अहो, दिसतंय आम्हाला! मी भाषांतर करत होतो आणि तो निवेदन करत होता. आम्हा दोघांपैकी एक जण जास्त होता.

आणि याच निवेदकाकडून सर्वांत मोठी चूक होते. ती दोघं एकत्र येतात आणि लगेच आपल्याला सांगण्यात येतं की अशी सहा वर्षं गेली. झालं! एका वाक्यात सहा वर्षं. पुढचा सगळा सिनेमा ताटातुटीवर. मला सांगा, मग तुटलं काय ते आम्हाला कसं कळावं? सहा वर्षं ही माणसं सकाळी उठून काय बोलत होती? एकाला उकडायचं आणि दुसऱ्याला पंखा सोसायचा नाही, असं काही होतं का? कादंबरीत हे आहे. पहिल्या उन्हाळ्यात लेआ त्याला नॉर्मंडीला खेड्यावर नेते आणि खाऊ घालते. स्ट्रॉबेरी, साय, कोंबड्या. व्यायामाला एक मुष्टियोद्धाही ठेवते. कोलेतबाईंना माणसं काय खातात हे नेहमी ठाऊक असायचं. सिनेमातही ती दोघं खेड्यावर जातात, पण दीड तासात पॅरिसही दाखवायचं, बियारित्झही दाखवायचं, म्हणून दोन घटका बागेत बसून लगेच माघारी. मी हे आक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाई चांगली आहे. पोराची तब्येत सुधारली की नाही?" आक्काच्या नीतिशास्त्रात माणसाने दुसऱ्याला वेळेवर जेवू घातलं की बाकी फार चौकशी करायची नसते.

पेलूबाईंचं काम कॅथी बेट्सने केलंय आणि सिनेमातली खरी गंमत तीच आहे. मैत्रिणी म्हणून बोलावते, चहा पाजते आणि लेआला असे टोमणे मारते की आपल्याकडच्या विहिणींनी शिकवणी लावावी. एकदा ती लेआचा वास घेते आणि म्हणते, कातडी जरा सैल पडली की अत्तर कसं छान मुरतं, नाही? हे मी भाषांतरित केलं मात्र, आक्का आणि ही दोघी इतक्या हसल्या की सिनेमा थांबवावा लागला. दोघींना एकदम एकच कुणीतरी आठवलं होतं. कोण ते मला अजून सांगितलेलं नाही.

पोरगा रूपर्ट फ्रेंड. दिसतो छान, रुसतो छान. पण तो सिनेमाभर रुसलेलाच असतो, त्यामुळे लेआने त्याच्यात काय पाहिलं हे आपल्याला विश्वासावर घ्यावं लागतं. शिवाय सगळे बोलतात विलायती इंग्रजी, राहतात पॅरिसमध्ये आणि मधूनच एकमेकांना मादाम म्हणतात. पहिली दहा मिनिटं कानाला बोचतं. पुढे सवय होते. आपण नाही का मुंबईच्या स्टुडिओतला जयपूरचा महाल गोड मानून घेतला!

आता मिशेल फायफर. तिने हे काम केलं तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती, म्हणजे भूमिकेचं वय आणि बाईचं वय एकच. काम उत्तम करते. शेरीचं लग्न ठरल्याचं कळतं तेव्हा ती चारचौघांत ज्या सभ्यपणाने हसते ते पाहून पोटात कालवतं. पण एक अडचण आहे. ती फार सुंदर आहे. कादंबरीतला सगळा जीव शेवटच्या सकाळी आहे. शेरी बायकोला सोडून परत लेआकडे येतो, रात्र जाते, सकाळ होते. तो झोपेचं सोंग घेऊन अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतो. तिने अजून पावडर लावलेली नाही, केसांचा एवढासा आंबाडा, गळ्याची कातडी लोंबलेली. ती पाठमोरी बसून दोघांनी कुठे पळून जायचं, कुठली गाडी पकडायची याचे बेत करते आहे आणि तिला माहीत नाही की तो बघतोय. सगळं तिथेच संपतं. आता सिनेमात त्या ठिकाणी मिशेल फायफर सकाळच्या उजेडात बसते आणि कॅमेरा जवळ जातो, आणि आपल्याला काय दिसतं? मिशेल फायफर! तिच्याकडे बघून जो मुलगा घरी जाईल त्याचे डोळे तपासायला हवेत. शोकांतिका व्हायची तर निदान एक सुरकुती तरी हवी. हॉलिवूड सुरकुतीला इतकं घाबरतं की सुरकुतीवरची गोष्ट घेतात आणि सुरकुतीच काढून टाकतात.

आणि वयाबद्दल म्हणाल, तर याच कोलेतबाईंची 'जीजी' नावाची गोष्ट आहे. तिच्यात कोवळी मुलगी आणि वयाने चांगला मोठा, मुरलेला श्रीमंत पुरुष. तिच्यावर १९५८ साली गाण्यांचा सिनेमा निघाला आणि त्याला नऊ ऑस्कर मिळाले. 'शेरी'त बाई मोठी, तर एकही नाही! आपल्याकडे देवलांनी १८९९ साली 'शारदा' लिहून म्हाताऱ्या नवरदेवाची एवढी टर उडवली, तरी पुढे पन्नाशीचा बिजवर दिसला की "पुरुषाचं वय काय बघायचं" असं म्हणणारी माणसं माझ्या लहानपणी वाड्यात दर दोन खोल्यांमागे एक होती. आणि माझी आई, जी 'शारदा'ची पदं म्हणत पोळ्या लाटायची, तिला सुनेची दोन वर्षं चार महिने गिळता येईनात.

कोलेतबाईंची स्वतःची हकीकत तर याहून बहारदार. विसाव्या वर्षी लग्न झालं ते चौदा वर्षांनी मोठ्या माणसाशी. विली हे त्याचं लेखनातलं नाव. बाईंनी कादंबऱ्या लिहायच्या आणि या गृहस्थांनी त्या आपल्या नावावर छापायच्या, असा संसार. नवरा मोठा असला म्हणजे आधार असतो असं म्हणतात तो हा असा. पुढे 'शेरी' आली, तिचं नाटक झालं, आणि काही प्रयोगांत बाई स्वतः लेआ होऊन रंगमंचावर उभ्या राहिल्या. कादंबरीत त्या म्हणतात काय, तर हे असलं प्रेम टिकायचं नाही. आणि मग स्वतः काय करतात? मोरिस गुदके नावाच्या, सोळा वर्षांनी लहान असलेल्या माणसाशी १९३५ साली लग्न. तो ज्यू होता. १९४१ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये जर्मनांनी त्याला पकडून नेलं, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या या बाईंनी ओळखीपाळखीच्या लोकांचे उंबरे झिजवून दोन महिन्यांत त्याला सोडवून आणलं. पुढे संधिवाताने त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा याने त्यांचं सगळं केलं, १९५४ साली त्या गेल्या तोपर्यंत. सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. फ्रान्समध्ये हा मान मिळालेली ती पहिली बाई.

म्हणजे गोष्टीत टिकेना आणि आयुष्यात टिकलं. लेखकांचं ऐकू नये म्हणतात ते यासाठी.

तर त्या सकाळच्या प्रसंगावर आम्ही आलो. मी भाषांतर थांबवलं होतं. निवेदकही सुदैवाने गप्प होता. शेरी पडल्या पडल्या बघतोय, लेआ बोलतेय. बाहेर पाऊस. आणि ही एकदम म्हणाली,

"अरे, तू बघितलंस का कधी असं?"

बावन्न वर्षांपूर्वीचा "अरे"! तोही आक्कासमोर! आमच्यात तो अगदी बंद नाही, दार लावल्यावर चालू असतो, पण चारचौघांत कधी नाही. मी आक्काकडे पाहिलं. आक्का पडद्याकडे बघत होती.

"कसं?" मी वेळ काढला.

"असं. झोपेचं सोंग घेऊन."

आता काय सांगणार? बघितलं होतं. हिने २०२० साली केस काळे करणं सोडलं. आधी टाळेबंदीमुळे आणि नंतर "कुणासाठी?" म्हणून. पहिले दोन महिने अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं. त्या दिवसांत मी एका सकाळी जागा होतो आणि ती आरशासमोर बसून भांगातला तो पांढरा पट्टा बोटाने मोजत होती. दोन बोटं, अडीच बोटं. दात कपात होते, चष्मा नव्हता, म्हणून आरशात नाक टेकवलं होतं. मी डोळे बारीक करून बराच वेळ बघत होतो.

"बघितलं," मी म्हणालो.

"मग?"

"मग काय! चहा कधी टाकतेस ते बघत होतो."

ती हसली नाही. पडद्यावर शेरी निघाला होता. कादंबरीत या जागी तो तिला खरं सांगायला लागतो आणि अडखळतो, आणि त्याचं ते वाक्य, म्हातारी बाई हे शब्द, तीच पुरे करते. मग तो अंगणात जातो, क्षणभर थबकतो, तिला वाटतं वळतोय. तो वर आकाशाकडे बघतो, छातीभर हवा घेतो आणि चालू लागतो, तुरुंगातून सुटल्यासारखा. इथे मी लहान मुलासारखा "वळ, वळ" म्हणत होतो. का, ते माहीत नाही. शेवट मला पाठ होता.

मग लेआ आरशात बघते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि तो निवेदक पुन्हा येतो! आणि सांगतो की पुढे शेरी लढाईवर गेला, धडधाकट परत आला, आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. कोलेतबाईंनी याच्यावर १९२६ साली आख्खी दुसरी कादंबरी लिहिली आहे. ती यांनी पोस्टाच्या तारेएवढी करून पाठवली. त्या कादंबरीतला सर्वांत चांगला भाग यांना घ्यायचाच नव्हता. लढाईनंतर शेरी लेआला शोधत जातो तर काय, एक लठ्ठ, पांढऱ्या आखूड केसांची बाई मजेत हसत बसलेली. तिने सगळं सोडून दिलंय. अत्तर, पावडर, शेरी. ती म्हातारी होऊन मोकळी झाली आणि हा अजून तिची मोत्यांची माळ शोधतोय. ती बाई पडद्यावर आणली असती तर हा सिनेमा कुठल्या कुठे गेला असता. मला तिला भेटायला आवडलं असतं.

हे सगळं मी मोठ्याने म्हणालो बहुतेक, कारण आक्का म्हणाली, "मोकळी कसली होते? लोक होऊ देतात का?"

मग ती हिच्याकडे वळली. "तुझंच बघ ना. त्रेसष्टाव्या वर्षी साठी केली या शहाण्यांनी."

पाऊस चालू होता. टी.व्ही.वर फ्रेंच नावं वर सरकत होती. आमच्या दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना.

"आक्का, तुम्हाला..." ही म्हणाली.

"१९६३ ची अकरावी ना तुझी? माझी मैत्रीण होती तुझ्या वर्गात. लग्नात जेवायला आली होती, पहिल्या पंगतीत. ताटावरच म्हणाली, ही आमच्या वर्गातली, शुद्धलेखनात पहिली यायची. मी म्हटलं, तू जिलेबी खा."

"म्हणजे तेव्हापासून?" मी विचारलं.

"आईला वाटत होतं मला माहीत नाही. तिच्या मनाला बरं वाटत होतं, मी कशाला बोलू?"

हिचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "आक्का, अहो मी तुमच्याहून चार महिन्यांनी मोठी आहे. पन्नास वर्षं नमस्कार करतेय मी तुम्हाला! एकदा तरी म्हणायचं, नको म्हणून."

"का म्हणू?" आक्का म्हणाली. "तू छान वाकायचीस. माझ्या दोन्ही सुना नुसता हात पुढे करतात."

त्यावर ही जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आक्काही. मग आक्का उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत हिच्यापुढे आली आणि वाकायला गेली. ही "अहो, अहो" करत खुर्चीतून उठायला धडपडली. आणि दोघी अर्ध्यात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, कारण दोघींनाही खालीही जाता येईना आणि वरही येता येईना. त्यांना सरळ करायला मला उठावं लागलं.

"आता चहा तू टाक," ही मला म्हणाली. "लहान आहेस सगळ्यांत."